पद्मजामावशींच्या गोधडीवरचं लेबल

सन्माननीय अध्यक्ष श्री. चारुदत्तजी देवस्थळी, आजच्या प्रमुख पाहुण्या डॉ. अरुणाताई कारखानीस, मंडळाचे सचिव मिलिंदराव, व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवल्यामुळं मघापासून अवघडून गेलेल्या आपल्या सत्कारमूर्ती पद्मजामावशी सोमण, आणि रविवारची सकाळ मोडून वॉन गावच्या या कम्युनिटी सेंटरात जमलेल्या सर्व बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं ‘परिचय, पाच मिनिटं’ असं छापलं आहे. मिलिंदरावांनी काल फोन करून बजावलं, “नंदूशेठ, जरा लाइट ठेवा. रडारड नको. एक वाजता केटरर येतोय.” मी हो म्हणालो. हो म्हणण्याची मला जुनी सवय आहे. आज थोडं त्या सवयीबद्दलच बोलायचं आहे, म्हणून पाचाची पंधरा मिनिटं झाली तर केटररनं आणि आपण मला सांभाळून घ्यावं.

माझ्याआधी तीन वक्ते बोलले. फार छान बोलले. तिघांनीही सांगितलं की मावशी आता कॅलगरीला मुलाकडं, शंतनुकडं, सुखानं राहायला चालल्या आहेत. मी मावशींकडं बघत होतो. तिन्ही वेळा त्यांनी खाली बघून नव्या शालीचं टोक उलटलं आणि आतलं लेबल वाचलं. शिवणकाम करणाऱ्या बाईची ती सवय असेल असं आपल्याला वाटलं असेल. मला तसं वाटलं नाही. का, ते पुढं सांगतो.

मावशींचा परिचय मी काय करून देणार? या हॉलमध्ये दहा-बारा वर्षांच्या आतलं जे कुणी पोर बसलंय, त्यातलं प्रत्येक दुसरं पोर त्यांच्या गोधडीत गुंडाळून हॉस्पिटलातून घरी आलंय. तरी नव्यानं आलेल्यांसाठी सांगतो. सोमणकाका आणि मावशी सत्तरच्या दशकात इथं कॅनडात आले. काका दोन हजार तीन साली गेले. मावशींनी त्याच्या आधीपासून बेसमेंटमध्ये मशीन टाकलं होतं. झबली, टोपडी, दुपटी शिवायच्या, पण खरं काम गोधडीचं, आणि ते हातानं.

आपल्यात तान्ह्या बाळाला सुरुवातीला कोरं कापड लावत नाहीत. कोऱ्या कापडाला खळ असते, ती टोचते. बाळाचं पहिलं अंथरूण जुन्या लुगड्याचं, जुन्या धोतराचं. शंभर वेळा धुतलेलं, उन्हात वाळलेलं, कुणाच्यातरी अंगावर झिजून मऊ झालेलं. हे मी आपल्याला सांगायला नको. पण कॅनडात बाळ जन्मतं तेव्हा ते लुगडं असतं सातारला नाहीतर नागपूरला, एखाद्या ट्रंकेत. मग कुणीतरी सुट्टीत जातं, सुटकेसमध्ये कोंबून आणतं आणि मावशींच्या दारात उभं राहतं.

मावशी ते पातळ हातात घेऊन आधी विचारायच्या, “कुणाचं?”

“माझ्या सासूबाईंचं.”

“सासूबाईंना नाव नव्हतं का गं?”

मग नाव सांगायचं. ते निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिलं जायचं. कुणाचं कापड, कुठल्या गावचं, कुणी आणलं, कोणत्या बाळासाठी, कधी दिलं. आणि गोधडीच्या सगळ्यात आतल्या थरावर धावदोऱ्यानं तेच नाव शिवलं जायचं. वरून दुसरे थर बसले की ते कुणाला दिसायचं नाही.

आमची जाई नव्व्याण्णवच्या जानेवारीत जन्मली. माझ्या आईला व्हिसा मिळाला नाही. दोनदा नाकारला. तिनं आपलं हिरवं लुगडं तेवढं पाठवलं, गावच्या एकाच्या भाच्याबरोबर. आमचं गाव कऱ्हाडच्या पुढं, सातवीपर्यंतची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची. आईला सही येत नव्हती, पण आपलं नाव कुठं लिहिलेलं असलं तर ती ते ओळखायची. मावशींनी ते नाव आत शिवताना मी विचारलं, “मावशी, हे तर कुणालाच दिसणार नाही.”

त्या म्हणाल्या, “दिसायला कुठं शिवलंय?”

जाई आज तेरा वर्षांची आहे, शेवटच्या रांगेत फोन बघत बसली आहे, आणि निघताना मला म्हणाली आहे, “डॅड, प्लीज, नो व्हिलेज स्टोरीज.” जाई, ही एकच होती. संपली.

काका गेल्यावर शंतनुनं मावशींना कॅलगरीला न्यायचा पुष्कळ आग्रह केला. चांगला मुलगा आहे, कुणी गैरसमज करून घेऊ नये. घर मोठं आहे, बेसमेंट फिनिश केलेलं आहे, सून प्रेमळ आहे. दर दिवाळीला तो विचारायचा आणि दर दिवाळीला मावशी म्हणायच्या, “मला इथं काम आहे रे.” नऊ वर्षं हे एक वाक्य त्यांना पुरलं. स्वतःचं घर, स्वतःची किल्ली, स्वतःचा चहा. कुणाच्या घरातली आई म्हणून नव्हे, तर गोधडीवाली बाई म्हणून त्या या गावात राहत होत्या. ते वाक्य त्यांच्याकडून कुणी काढून घेतलं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मध्यंतरी काम वाढलं. शनिवारच्या बाजारात त्यांनी टेबल मांडायला सुरुवात केली. मी त्यांना गाडीनं सोडायचो, कारण मावशी हायवेवर गाडी चालवत नाहीत आणि मला शनिवारी सुट्टी असते. इथल्या गोऱ्या बायका गोधडी गालाला लावून बघायच्या आणि विचारायच्या, हे इतकं मऊ कसं? मावशी म्हणायच्या, “ओल्ड सारी. व्हेरी ओल्ड. व्हेरी गुड लेडी.” आपल्यापैकी पुष्कळांनी घरातली जुनी पातळं त्यांना दिली होती. ‘तुम्हाला हवं ते करा’ म्हणून दिली होती. त्यातूनच या बाजारच्या गोधड्या व्हायच्या. चारुदत्तजी, आपल्या मातोश्री गेल्यावर आपण कपाटभर पातळं आणून दिली होती, आठवत असेल. मावशींनी घेताना प्रत्येकाची घडी मोडून पुन्हा घातली होती.

मग गेल्या वर्षी, दोन हजार अकराच्या जूनमध्ये, ग्राहकांच्या सुरक्षेचा नवा कायदा लागू झाला. लहान मुलांच्या वस्तू करणारा, आणणारा, विकणारा, सगळ्यांनी कागद ठेवायचे. माल कुणाकडून आला, कुणाला गेला. काही धोका कळला तर दोन दिवसांत कळवायचं. मंडळाच्या ईमेलवर पंधरा दिवस चर्चा चालली. कुणी म्हणे दंड होतो, कुणी म्हणे तुरुंग. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं, “नंदूला विचारा. तो त्याच लायनीत आहे.”

खरं आहे. मी त्याच लायनीत आहे. इथून पंधरा मिनिटांवर आमचं वेअरहाऊस आहे. परदेशातून कंटेनर येतात, त्यात पाळणे, खेळणी, बाळांच्या उश्या. माझं काम लेबलं तपासायचं. प्रत्येक खोक्यातला एक नग काढायचा, लेबल बरोबर आहे का बघायचं, सही करायची. चौदा वर्षं करतो आहे.

मी कायद्याविरुद्ध बोलायला उभा आहे असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. एका वर्षी आमच्याकडं आलेला एक पाळणा परत मागवावा लागला. त्याची एक बाजू निसटायची. दुसऱ्या प्रांतात त्यात एक बाळ गेलं. ती सगळी खोकी फळीवरून खाली उतरवणाऱ्यांत मी होतो. तेव्हापासून मला पक्कं ठाऊक आहे की असले कायदे ऑफिसात बसलेल्या माणसांनी लिहिलेले नसतात, ते मेलेली लेकरं लिहीत असतात. त्यांना हात जोडावेत, हसू नये.

मावशीही हसल्या नाहीत. मी सांगितलं, “मावशी, टोपड्याचं घुंगरू सुटलं तर बाळ गिळतं.” दुसऱ्या दिवशी गेलो तर सगळी घुंगरं उसवून डब्यात. “नाड्या लांब नकोत.” नाड्या कापल्या. “मोहरीची उशी नको, शिवण उसवली तर दाणे बाहेर येतात.” त्यावर मात्र त्यांनी उशी चाचपून बघितली. म्हणाल्या, “शंतनुचं डोकं मोहरीच्याच उशीवर गोल झालं रे.” आणि पुढं म्हणाल्या, “पण आपला एक वाचला म्हणून सगळे वाचतील असं थोडंच आहे? काढून टाक.” कायदा इतक्या सरळपणे समजून घेणारा माणूस मी आमच्या कंपनीत पाहिला नाही, आणि आमच्या कंपनीत कायदा समजून घ्यायला सहा माणसं पगारावर आहेत.

अडलं ते गोधडीपाशी. बाजारातल्या ज्या दुकानवालीला मावशींच्या गोधड्या कायम ठेवायच्या होत्या, ती म्हणाली, मला लॅबचा रिपोर्ट दे. आता आमच्या कंपनीत एका नमुन्याचे सहा हजार नग येतात. त्यातला एक लॅबला जातो. ते फाडतात, जाळून बघतात, रिपोर्ट येतो, बाकीचे पाच हजार नऊशे नव्व्याण्णव विकले जातात. मावशींची प्रत्येक गोधडी हाच एक नमुना आणि हाच एक नग. ती जाळून पास झाली तर विकायचं काय? मी हे समजावून सांगितलं तेव्हा मावशी म्हणाल्या, “म्हणजे प्रत्येक आजीची दोन-दोन लुगडी हवीत. एक जाळायला, एक पांघरायला.” आणि आम्ही दोघंही हसलो. ते शेवटचं हसणं.

शिवाय आपल्या प्रांतात गादी, उशी, रजई अशा भरलेल्या वस्तूंचा निराळा, जुनाच नियम आहे. आत काय भरलंय ते सांगणारं लेबल शिवणीत हवं. तुमच्या-माझ्या घरातल्या प्रत्येक उशीला ते आहे. पांढरं लेबल, त्यावर ‘न्यू मटीरियल ओन्ली’. आत फक्त नवं साहित्य आहे.

बंधुभगिनींनो, आता मी जे सांगणार आहे ते गेले दोन महिने रोज पहाटे देवापुढं दिवा लावताना मी फक्त त्यालाच सांगत आलो आहे.

तो पांढऱ्या लेबलांचा रोल मी छापून आणला. मीच.

माझ्या ओळखीचा छापणारा होता. कंपनीच्या लेबलासारखंच केलं. एका रविवारी मावशींच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर लावून वाचलं. मग माझ्याकडं बघितलं.

“नंदू, हे तर नवं म्हणतंय.”

“ती छापील ओळ असते मावशी. सगळ्यांच्या उशीवर असते.”

“माझ्या गोधडीत नवं काय आहे रे? दोरा सोडला तर?”

“कुणी उसवून बघत नाही.”

“तसं नाही विचारलं मी.”

मी म्हणालो, “रिपोर्ट नसला तरी दुकानवाली ठेवून घेईल, पण लेबल लागतं. एवढं लावा, मग काही कटकट नाही.”

त्या आत गेल्या. स्वतःच्या उशीचं लेबल बघून आल्या. खरंच तीच ओळ होती. मग लेबलाच्या कडेवरून बोट फिरवत त्या जे म्हणाल्या ते मी आपल्याला जसंच्या तसं सांगतो. म्हणाल्या, “तू देवाधर्माचा माणूस आहेस. एकादशी चुकवत नाहीस. तू म्हणतोस तर लावते.”

मला हो म्हणण्याची सवय आहे असं मी सुरुवातीला म्हणालो. मी तेव्हाही मानच हलवली.

मला त्यात काही मिळवायचं नव्हतं. चांगल्यासाठीच केलं. पण खोटं बोलणारा प्रत्येक जण चांगल्यासाठीच बोलतो, हे आमच्या गावच्या गुरुजींनी चौथीतच सांगितलं होतं. चौदा वर्षं दुसऱ्यांची लेबलं खरी आहेत का हे तपासून मी पोट भरलं, आणि आयुष्यात स्वतः एकच लेबल छापलं, ते खोटं.

या वर्षीचा सप्टेंबर. शनिवारचा बाजार. सरकारी खात्याची दोन माणसं आली. एक तरुण मुलगी होती, तीच बोलत होती. अगदी सभ्यपणे. मावशींना ‘मॅम’ म्हणाली. विचारलं, एक शिवण उसवून बघू का? मावशी म्हणाल्या, “येस. आय विल डू.” स्वतःच कात्री घेतली. कोपरा उसवला. पांढऱ्या लेबलाच्या खालून एक जांभळा काठ निघाला, विरलेला, दोन ठिकाणी रफू केलेला, आणि काठाच्या कडेला धावदोऱ्यानं शिवलेलं एक नाव. कुणाचं नाव, ते मी सांगत नाही. व्यासपीठावर एका व्यक्तीनं ते ऐकून डोळे मिटले तर जेवणाची चव जाईल.

मुलीनं विचारलं, “ही लेबलं तुम्हाला कुणी दिली?”

मी टेबलाच्या मागं, मावशींपासून हातभर अंतरावर उभा होतो. हातात त्यांचा चहाचा थर्मास होता.

मावशी म्हणाल्या, “आय पुट.”

“आणि हे गृहस्थ कोण?”

मावशींनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाल्या, “ही गिव्ह्ज राइड.”

आणि मी काय केलं? मी थर्मासचं झाकण घट्ट केलं. ते घट्टच होतं.

आता ऐका, इथं कायद्यानं काय केलं ते. दंड केला नाही. माल विकायचा नाही, टेबलावरून काढा, असं सांगितलं. आणि जाताना ती मुलगी थांबली. उसवलेल्या कोपऱ्याला हात लावून म्हणाली, जुनं कापड भरून असं बाजारात विकता येणार नाही. पण एखादं कुटुंब आपलंच कापड घेऊन आलं आणि तुम्ही ते शिवून त्यांनाच परत दिलंत, तर त्यासाठी वेगळं लेबल आहे. मालकाचं स्वतःचं साहित्य, विक्रीसाठी नाही, असं लिहिलेलं. नोंदणी करा, मी फॉर्म पाठवते. आणि मावशींची निळी वही बघून तिनं विचारलं, हे काय? मी भाषांतर केलं. ती म्हणाली, “तुमच्याइतके नीट कागद आम्हाला मोठ्या कंपन्यांकडंसुद्धा बघायला मिळत नाहीत.”

खरं लिहिलेलं लेबल होतं, बंधुभगिनींनो. पहिल्यापासून होतं. आपल्यासाठी, आपल्या पोरांसाठी मावशी जे शिवत होत्या त्याचं नेमकं वर्णन करणारं. मी एक फोन केला असता तर कळलं असतं. खरं बोलायला या देशात परवानगी होती, आणि मी ती न मागताच खोटं छापून आणलं.

म्हणजे कायद्यानं बाजार बंद केला. बेसमेंट बंद केलं नव्हतं. ते कुणी केलं?

त्याच आठवड्यात मंडळाचा ईमेल आला. आपण सगळ्यांनी वाचला आहे. ‘सदर व्यवसायाशी मंडळाचा कोणताही संबंध नाही. सभासदांनी लेबलांबाबत दक्ष राहावे.’ नाव लिहिलं नव्हतं, ते सभ्यपणाचं होतं. दिवाळी बाजारातलं त्यांचं टेबल इन्शुरन्सच्या कारणानं दुसऱ्याला दिलं गेलं. फोन थांबले. ज्यांना नातवंडं होणार होती त्यांनी मॉलमधून पांढऱ्या लेबलाची ब्लँकेट्स आणली. कदाचित त्यातल्या काहींवर माझीच सही असेल. कुणी मावशींना तोंडावर काही बोललं नाही. आपण मराठी माणसं तोंडावर बोलत नाही, आपण फक्त पार्किंग लॉटमध्ये थोडं हळू बोलतो. “फसवणूकच म्हणायची ना?” “या वयात?” “आमचंसुद्धा पातळ विकलं असणार हो.” माझ्या बायकोनं, उमानं, हे ऐकलं, घरी येऊन मला सांगितलं आणि विचारलं, “तुम्ही काही बोलला नाहीत का?” तिला माहीत नव्हतं. आज या क्षणी कळतं आहे. उमा, तू मला घरी गेल्यावर जे बोलशील ते मी ऐकून घेईन.

त्या मुलीनं पाठवलेला फॉर्म मावशींनी भरला. मी बघितला आहे. व्यवस्थित भरला. पण पाठवला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, “मालकाचं स्वतःचं साहित्य म्हणतोय रे हा. मालक कुठं आहेत?”

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, “नंदू, दोन दिवस गाडी मिळेल का?” बेसमेंटमध्ये एकवीस गाठोडी बांधून ठेवली होती. न शिवलेली पातळं. प्रत्येकावर चिकटपट्टी, प्रत्येकावर नाव. परत करायची होती. आम्ही दारोदार फिरलो. या हॉलमधल्या एकवीस घरी. एका घरी दार उघडून तरुण सून म्हणाली, “अय्या मावशी, हे परत कशाला आणलंत? डोनेशन बॉक्समध्ये टाकायचं ना.”

मावशी म्हणाल्या, “तुझ्या आजेसासूबाईंचं आहे गं. इंदिराबाईंचं. डब्यात कसं टाकू?”

“ओ, सो स्वीट,” असं म्हणून तिनं ते घेतलं आणि बुटांच्या कपाटावर ठेवलं.

दुसऱ्या एका घरी गाठोडं दारातच घेतलं गेलं, आत या म्हणाले नाहीत. पाऊस पडत होता. गाडीत बसल्यावर मावशी म्हणाल्या, “हीटर जरा वाढव रे.” एवढंच.  शेवटचं गाठोडं देऊन झाल्यावर त्यांनी शंतनुला फोन लावला. मी गाडी चालवत होतो. त्या म्हणाल्या, “हो, येते. नाही, आता इथं काम नाही.”

नऊ वर्षं पुरलेलं वाक्य कसं संपलं ते आपण विचारलं नाहीत, तरी मी सांगितलं. त्या सुखानं राहायला चाललेल्या नाहीत. त्या जायला निघाल्या आहेत कारण आपण त्यांना इथं राहायला कारण ठेवलं नाही. आणि आज आपण शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ घेऊन जमलो आहोत. शालीला लेबल आहे. त्यावर काय लिहिलंय ते मावशींनी तीनदा वाचलं. नवं आहे, शंभर टक्के. खरं लेबल आहे ते, कुणी शंका घेऊ नये.

अध्यक्ष महाराज, मिलिंदराव मला घड्याळ दाखवत आहेत. आवरतो.

माझी आपल्याला एक विनंती आहे. आपल्यापैकी काही घरांत मावशींनी गेल्या वर्षभरात दिलेल्या गोधड्या असतील, त्यांना ते पांढरं लेबल असेल. आज घरी गेल्यावर ते कापा. गोधडी कापू नका, गोधडी खरी आहे. ती लेबलं मला परत द्या, कारण ती माझी आहेत. दुसरं, मी गुरुवारी त्या खात्याला पत्र टाकलं आहे. लेबलं कुणी छापली, कुणी लावायला सांगितली, माझं पूर्ण नाव, पत्ता आणि मी कुठं नोकरी करतो ते. उद्या सोमवारी त्याची प्रत आमच्या मॅनेजरच्या टेबलावर ठेवणार आहे. लेबल तपासणाऱ्या माणसानं खोटं लेबल छापलं हे वाचल्यावर ते काय करतील ते पांडुरंग जाणे. जे करतील ते बरोबर असेल.

आयोजकांचे आभार, त्यांनी मला परिचय करून द्यायला सांगितलं आणि मी तो करून दिला, जरी तो बराचसा माझाच झाला. अरुणाताईंचे आभार, त्यांनी एकदाही घड्याळाकडं पाहिलं नाही. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपले आभार. भाषणात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला असं म्हणायची रीत आहे. आज मी ते म्हणत नाही. बोलताना काही चुकलं असं मला वाटत नाही, चुकलं ते न बोलताना. त्याची माफी या सभेकडं मागून भागणार नाही.

मावशी, उठू नका. तुमचे गुडघे दुखतात, बसा. त्या दिवशी त्या मुलीनं विचारलं होतं, लेबलं कुणी दिली. त्याचं उत्तर द्यायला मला सात आठवडे लागले. मी दिली. आणि माझ्याबद्दल विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, हा फक्त गाडीनं सोडतो. उद्या पहाटे साडेपाचला मी तुमच्या दारात येईन, विमानतळावर सोडायला. मावशी, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी जे बोललात, त्यातलं तेवढं तरी खरं होऊ द्या.